दिल्लीच्या पायऱ्या

सहल ठरवणं आणि लग्न ठरवणं या दोन गोष्टींत मला कधीच फारसा फरक वाटलेला नाही. दोन्हींत मूळ प्रसंग दोन-तीन दिवसांत आटोपतो आणि बोलणी मात्र सहा-सहा महिने चालतात. दोन्हींत याद्या होतात, याद्यांवरून रुसवेफुगवे होतात आणि शेवटी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा माणसाचं मत निर्णायक ठरतं. लग्नाचा मुहूर्त निदान गुरुजी काढून देतात. सहलीचा मुहूर्त मात्र मुलांच्या परीक्षा, सौभाग्यवतींच्या ऑफिसातलं मार्चअखेर, रेल्वेचं आरक्षण, पोळ्यांच्या बाईंची रजा आणि गॅलरीतल्या तुळशीला पाणी कोण घालणार हा प्रश्न, असं पाच अंगांचं पंचांग मांडून आपला आपणच काढावा लागतो.

गाव लहान असलं तर तेही निभावतं. महाबळेश्वरला जाऊन माणूस चार पॉइंट बघतो, स्ट्रॉबेरी खातो, घोड्यावर बसलेल्या दुसऱ्या माणसाला हसतो आणि परत येतो. महाबळेश्वरची आपल्याकडून याहून जास्त अपेक्षाही नसते. पण यंदा आमच्या घरानं दिल्ली ठरवली. ठरवली म्हणजे 'दिल्ली' एवढा शब्द ठरला. मुक्काम तीन दिवसांचा, माणसं पाच आणि गाव हजार वर्षांचं.

दिल्ली ठरली ती आईमुळे. आईनं बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. या बत्तीस वर्षांत तिनं दिल्ली किती वेळा जिंकली आणि किती वेळा घालवली याची मोजदाद नाही. सकाळी एका वर्गात पृथ्वीराज चौहान हरायचा, मधल्या सुट्टीनंतर दुसऱ्या वर्गात इब्राहिम लोदी पडायचा आणि शेवटच्या तासाला बहादूरशहा जफर रंगूनला रवाना व्हायचा. एवढी सगळी पडझड उरकून संध्याकाळी आई मेथीची जुडी घेऊन घरी यायची. फळ्यावर ती खडूनं कुतुबमिनार असा काढायची की पुढच्या तासाचे गणिताचे सर तो पुसायला कचरायचे आणि उरलेल्या कोपऱ्यात त्रैराशिक मांडायचे.

पण खुद्द दिल्ली तिनं कधी पाहिली नाही. शाळेची सहल जायची ती रायगड-प्रतापगडला, नाहीतर फार तर वेरूळ-अजिंठ्याला. दिल्लीशी तिचा सगळ्यात जवळचा संबंध आला तो वेरूळच्या वाटेवरच्या दौलताबादला. किल्ल्याच्या पायथ्याशी उभी राहून ती मुलींना सांगायची, "महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथे आणली. त्याला दिल्लीहून इथवर येता आलं, मला इथून दिल्लीला जाता येत नाही."

गेल्या दिवाळीनंतर आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले. डॉक्टरांनी ते उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि दोन्ही गुडघे बदलावे लागतील म्हणून सांगितलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. सहा महिन्यांत आई दोनदाच खाली उतरली होती, आणि दोन्ही वेळा दवाखान्यात जायला. वाणसामान वर येतं, भाजी वर येते, इस्त्रीचे कपडे वर येतात, तेव्हा आपण तरी खाली कशाला जायचं, असं ती म्हणते. ते कोणालाही खरं वाटत नाही, पण खोडूनही कोणी काढत नाही.

"मार्चमध्ये ऑपरेशन करून टाकू," डॉक्टर म्हणाले.

"करू," आई म्हणाली. "पण आधी दिल्ली."

डॉक्टरांचा चेहरा जरा उतरला. "दिल्लीत कोणाला दाखवणार आहात?"

"दाखवायचं नाही हो, बघायचं आहे," आई म्हणाली.

वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. 'आधी' या शब्दाचा अर्थ तिलाही कळत होता आणि आम्हालाही. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. मी कॅलेंडर काढलं.

कॅलेंडर काढल्यावर पहिला शोध लागला तो हा, की दिल्लीला जाण्याजोगे दिवस मुळातच फार थोडे आहेत. नोव्हेंबरात तिथे धूर असतो. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं आणि गाड्या त्यात हरवतात. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असतो आणि पाऊस थांबला की घाम असतो. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आगेमागे बंदोबस्त असतो. इतक्या राजवटींनी या गावासाठी जीव टाकला, ती सगळी मंडळी पहिल्यांदा फेब्रुवारीतच आली असावीत. आम्हीही फेब्रुवारी धरला.

मग वार. लाल किल्ला सोमवारी बंद. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद. कमळ मंदिर सोमवारी बंद. चांदणी चौकातली बरीचशी दुकानं रविवारी बंद. ताजमहाल शुक्रवारी बंद.

"ताजमहाल आग्र्याला आहे," चिरंजीव म्हणाले.

"मला भूगोल शिकवू नकोस," सौभाग्यवती म्हणाल्या. "दिल्लीपर्यंत जाऊन ताजमहाल न बघता परत आले तर नाशिकच्या मावशींना काय सांगू? त्या दोनदा बघून आल्यात."

आग्रा दिल्लीपासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. जाण्यायेण्यात एक दिवस संपला. उरले दोन.

चिरंजीव संगणकातले इंजिनिअर. त्यांच्या मते जगातली कुठलीही अडचण ही मुळात तक्ता नीट न मांडल्यामुळे निर्माण होते. त्यांनी लॅपटॉपवर एक तक्ता मांडला. हिरवे चौकोन म्हणजे बघणं, पिवळे म्हणजे प्रवास, निळे म्हणजे खाणं. 'हुमायूनची कबर ८.०० ते ८.४०, प्रवास ८.४० ते ८.५५, नाष्टा ८.५५ ते ९.०५.' मी तो तक्ता मनापासून वाचला. त्यात आंघोळीला चौकोन नव्हता.

"एकूण ठिकाणं किती आहेत?" मी विचारलं.

"नुसत्या पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेल्या वास्तूच पावणेदोनशेच्या घरात आहेत," चिरंजीव उत्साहानं म्हणाले. "कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि लाल किल्ला ही तर जागतिक वारशात आहेत."

मी पाठीमागच्या कागदावर हिशेब केला. रोजचे आठ तास धरले तरी तीन दिवसांची मिनिटं होतात १४४०. एका वास्तूच्या वाट्याला सव्वाआठ मिनिटं. तेवढ्या वेळात आमच्या घरातली पाच माणसं चपला घालून दाराबाहेरसुद्धा पडत नाहीत. चारजण पडतात आणि पाचवा गॅस बंद केला का ते बघायला परत जातो.

आई खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, पण कुठली दिल्ली बघणार आहात ते तरी ठरवा. दिल्ली काही एक नाही. लाल कोट, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, दीनपनाह आणि शाहजहानाबाद. ही झाली सात. आठवी इंग्रजांची, नवी दिल्ली."

"ते झालं, आई," सौभाग्यवती म्हणाल्या, "पण त्यातल्या कुठल्या गावात हॉटेल बुक करायचं?"

इतक्यात समोरच्या ब्लॉकमधले काका आले. लग्नाच्या बोलण्यांत ज्याचा काडीचा संबंध नसतो तो माणूस म्हणून मी वर म्हटलं, ते हे. नोकरीत असताना त्यांना दोन वर्षं दिल्लीला धाडलं होतं, आणि त्या भांडवलावर ते गेली तीस वर्षं दिल्लीविषयी बोलत आलेत. त्यांनी तक्त्याकडे नजर टाकली आणि एखाद्या शेजाऱ्याचा फराळ चाखून बघावा तसा चेहरा केला.

"यात आपलं काहीच नाही," ते म्हणाले.

"आपलं म्हणजे?"

"मराठ्यांचं! थोरले बाजीराव १७३७ मध्ये थेट दिल्लीवर जाऊन धडकले. तालकटोऱ्याला जा, तिथं उभे राहा आणि ऊर भरून येऊ द्या. महादजी शिंद्यांनी १७७१ मध्ये दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षी शाह आलमला आणून तख्तावर बसवला. हे मुलांना कोण सांगणार?"

मुलांना हे त्यांच्या आजीनं वयाच्या पाचव्या वर्षी वरणभाताबरोबर भरवलं होतं, पण काकांना थांबवणं शक्य नव्हतं. शिवाय त्यांच्या बोलण्यातून मला एक धीर आला. बाजीराव गेले, दिल्ली हादरवली आणि थोडक्यात उरकून परतही फिरले. म्हणजे दिल्लीची धावती सफर ही पुण्याची फार जुनी रीत दिसते.

"आणि दिल्लीपर्यंत गेलाच आहात तर पानिपतही करून टाका," काका म्हणाले. "नव्वदेक किलोमीटर. एका दिवसात होतं."

"तेव्हाही एका दिवसातच झालं होतं," आई म्हणाली.

काका जरा गप्प झाले. मग त्यांनी लाल किल्ला काढला. दिवाण-इ-खास असं आणि दिवाण-इ-खास तसं. संगमरवरी खांब, नक्षी, वर एके काळी चांदीचं छत.

"ते छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवलं," आई म्हणाली. "फौजेचा पगार थकला होता. तेव्हा दिवाण-इ-खासमध्ये शिरल्यावर आपण पुण्याचे हे फार मोठ्यानं सांगू नका."

काका चहा न घेता गेले, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं.

आठवडाभरात तक्ता पाच वेळा बदलला. कन्येला अग्रसेनची बावडी हवी होती, कारण तिथे फोटो चांगले येतात. सौभाग्यवतींना दिल्ली हाट हवं होतं, जनपथ हवं होतं आणि सरोजिनी नगर हवं होतं. चिरंजीवांना जंतरमंतर हवं होतं, कारण सवाई जयसिंगानं १७२४ मध्ये दगडाविटांनी मांडलेला तक्ता त्यांना आपल्या जातीचा वाटत होता. हिरवे चौकोन पिवळ्यांवर चढले, पिवळे निळ्यांवर चढले, आणि एका रात्री चिरंजीवांनी लॅपटॉप मिटून "हे जमणारच नाही" असं जाहीर केलं.

तेव्हा आईनं त्यांना जवळ बोलावून घेतलं. "अरे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्या गावात कुणाचाच बेत पार पडलेला नाही. अल्लाउद्दीन खिलजीनं कुतुबमिनाराच्या दुप्पट उंचीचा मिनार बांधायला घेतला. १३१६ मध्ये तो वारला आणि मिनार पहिल्या मजल्यावरच राहिला. अजून तसाच उभा आहे. गियासुद्दीन तुघलकानं तुघलकाबाद बांधलं. १३२५ मध्ये बंगालची मोहीम करून परत येत होता. दिल्ली अजून लांब आहे, असं निजामुद्दीन औलिया म्हणाले म्हणतात. आणि झालं तसंच. दिल्ली हाकेच्या अंतरावर असताना लाकडी मंडप अंगावर कोसळून तो गेला. त्याच्या मुलानं अख्खी राजधानी उचलून दौलताबादला नेली आणि काही वर्षांत परतही आणली. इंग्रजांचं तरी काय? डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्जनं नव्या दिल्लीची कोनशिला बसवली, मागाहून जागाच बदलली. गाव उभं राहून उद्घाटन व्हायला १९३१ साल उजाडलं. तुझा तर नुसता तीन दिवसांचा तक्ता आहे."

चिरंजीवांनी लॅपटॉप पुन्हा उघडला. खिलजीचं जमलं नाही ते आपलंही जमलं नाही तर त्यात कमीपणा नाही, असं त्यांना वाटलं असावं.

मी मात्र या सगळ्यात वेगळ्याच कामाला लागलो होतो. मी दिल्लीच्या पायऱ्या मोजत होतो.

ज्याच्या घरात दुखरे गुडघे आहेत त्यालाच हे कळेल. इतकी वर्षं मी प्रवासवर्णनं वाचली, माहितीपुस्तकं चाळली, पण आपले पूर्वज इतक्या पायऱ्या बांधत होते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतिहासात ज्याला म्हणून काही मोठं करायचं होतं, त्यानं ते उंच चौथऱ्यावर केलं. जामा मशिदीला तीन दरवाजे. म्हटलं, एखादा तरी सोयीचा असेल. दक्षिणेकडून ३३ पायऱ्या, पूर्वेकडून ३५ आणि उत्तरेकडून ३९. अग्रसेनच्या बावडीला खाली उतरायला शंभरावर पायऱ्या. उतरलेल्या पायऱ्या नंतर चढायच्याही असतात हे कळायला पन्नाशी ओलांडावी लागते. कन्या एकोणीस वर्षांची आहे. कुतुबमिनारला म्हणून मेट्रो गाठावी, तर कुतुबमिनार नावाच्या स्टेशनापासून खरा कुतुबमिनार दीड-दोन किलोमीटर लांब. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट असते हे वाचून मात्र मला जो आनंद झाला, तो मेट्रो बांधणाऱ्यांनासुद्धा २००२ साली ती सुरू होताना झाला नसेल.

रात्री सगळे झोपल्यावर मी तक्त्यात प्रत्येक ठिकाणासमोर पेन्सिलीनं पायऱ्यांचा आकडा लिहीत असे. आकडे मोठे होत चालले आणि आईची यादी लहान होत चालली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. पण बत्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला घरातला कागद कुठे उलटा ठेवलाय ते समजतं.

"तुघलकाबाद काढून टाका," ती एका सकाळी म्हणाली. "नुसते दगड आहेत."

दुसऱ्या दिवशी जामा मशीद गेली. "बाहेरून दिसते की."

अशातच चिरंजीवांनी फार प्रेमानं तो शब्द उच्चारला. "आजी, बऱ्याच ठिकाणी व्हीलचेअर मिळते."

स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

"मिळू दे," आई म्हणाली, आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता.

त्या संध्याकाळी तिनं लाल किल्लाही कापला. "दर पंधरा ऑगस्टला टीव्हीवर बघते मी तो." मग कुतुबमिनार. "तो तर मी इतक्या वेळा काढलाय. साडेबहात्तर मीटर, ३७९ पायऱ्या."

"पण आई, मिनारावर आता कोणालाच चढू देत नाहीत," मी म्हटलं. "खालूनच बघायचा असतो."

"ठाऊक आहे. १९८१ च्या डिसेंबरात आत दिवे गेले आणि जिन्यात चेंगराचेंगरी झाली. शाळेच्या सहलीची मुलं होती रे त्यात. त्यानंतर वर्गात मी पायऱ्यांचा आकडा विचारायची बंद झाले."

माझ्या यादीत आता काही उरलंच नव्हतं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तो दिवस परवावर आलेला. मी पेन्सिल ठेवली आणि सरळ विचारलं, "आई, तुला जायचंय ना दिल्लीला? की आमच्यासाठी हो म्हणालीस?"

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. वर्गात अवघड उत्तर द्यायच्या आधी ती असंच करत असणार.

"मला एकच बघायचंय," ती म्हणाली. "पुराना किल्ल्यात शेर मंडल आहे. लाल दगडाची आठकोनी इमारत, दोन मजली, फार मोठी नाही. हुमायूनचं ग्रंथालय होतं तिथं. १५५६ चा जानेवारी. संध्याकाळी तो वरून उतरत होता, बांग ऐकली म्हणून जिन्यातच गुडघे टेकायला गेला, पाय झग्यात अडकला आणि पायऱ्यांवरून गडगडला. दोन-तीन दिवसांत गेला."

"हे तर तू आम्हालाही सांगितलंयस."

"तुम्हाला सांगितलंय आणि तुम्ही हसलायत. दर वर्षी हा धडा आला की वर्ग हसायचा. बादशहा आणि पायरीवरून पडून मेला! सनावळ्यांत कंटाळलेली मुलं, तेवढीच एक गंमत. मीसुद्धा तिथे जरा थांबायची. हशा होऊन गेला की पुढे अकबर घ्यायची. बत्तीस वर्षं." ती थोडा वेळ गप्प राहिली. "तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. तुझ्याहून लहान. पंधरा वर्षं देशोधडीला लागून, गेलेलं राज्य नुकतं परत मिळवलं होतं. जेमतेम सहा महिने झाले होते. आता मी रात्री न्हाणीघराचा उंबरा ओलांडते ना, भिंतीला हात लावून, तेव्हा रोज तो आठवतो. त्या पायऱ्यांपुढे एकदा उभं राहून यायचंय. बाकी तुम्ही काय वाटेल ते बघा."

मी चाचरतच म्हटलं, "पण आई, काका म्हणत होते, शेर मंडलात आत सोडत नाहीत. वर जाता येत नाही."

"मला कुठे वर जायचंय?" आई म्हणाली. "पडलेला माणूस खालीच असतो."

त्यानंतर बेत अर्ध्या तासात ठरला. सहा महिने चाललेली लग्नाची बोलणीसुद्धा एखादी म्हातारी बाई मधे पडली की अशीच संपतात.

जाताना आगगाडी, येताना विमान. गाडीला एक दिवस आणि वर काही तास लागतात, पण आईला नर्मदा बघायची आहे आणि झाशी, ग्वाल्हेर ही स्टेशनं खिडकीतून बघायची आहेत. खालचा बर्थ मिळाला. गाडी आग्र्यावरूनच जाते. तेव्हा 'आग्रा केलं' असं मावशींना सांगायला हरकत नाही, यावर सौभाग्यवती तूर्त राजी झाल्या आहेत. पहिल्या दिवशी सकाळी पुराना किल्ला, आणि पुढे त्या दिवशी काहीही नाही. दुसऱ्या दिवशी हुमायूनची कबर, कारण आईच्या मते ती त्याच हकिगतीचा उरलेला भाग आहे. त्याच्या मागे त्याच्या बेगमेनं ती उभारली. वर चौथऱ्यावर मुलं जातील, आम्ही खाली बागेत बसू. संध्याकाळी दिल्ली हाट. तिसऱ्या दिवशी लाल किल्ला परत आला आहे, खुर्चीसकट.

"खुर्ची आणायची तर आणा," आई म्हणाली. "लाल किल्ल्यात बसेन मी. शाहजहान तरी तिथे कुठे चालत होता? पण पुराना किल्ल्यात नाही. तिथे मी पायांनी जाणार."

चिरंजीवांचा तक्ता आता बराचसा पांढरा झाला आहे. इतके मोकळे चौकोन त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. ते मधूनमधून उघडून त्याच्याकडे बघत बसतात. त्यांनी एका मोकळ्या चौकोनात 'आजी म्हणेल ते' असं लिहिलेलं मी परवा पाहिलं. त्याला रंग दिलेला नाही. कन्या आणि चिरंजीव बावडी बघून येतील, तोवर आम्ही जवळपास कुठे तरी चहा घेऊ. पानिपत रद्द. काकांना तसं कळवलं आहे.

आणि सध्या रोज सकाळी साडेसात वाजता आमच्या जिन्यात तालीम चालते.

आमच्या दारापासून खालच्या फाटकापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. आईनं त्या दिल्लीच्या गादीवर बसलेल्यांना वाटून दिल्या आहेत. दारातली पहिली पायरी कुतुबुद्दीन ऐबकाची. एका हातानं कठडा, दुसरा हात कन्येच्या खांद्यावर, आणि प्रत्येक पायरीवर एक नाव. इल्तुतमिश. रझिया. बल्बन. दुसऱ्या मजल्याच्या आसपास खिलजी संपतात आणि तुघलक लागतात. महंमद तुघलकाच्या पायरीवर आई जरा दम खाते. सय्यदांपाशी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दार उघडून "काय म्हणताय, बाई?" विचारतात, आणि लोदी तेवढ्यात उभ्या उभ्या होऊन जातात. पहिल्या आठवड्यात ती खिलजींवरूनच परत फिरली होती. काल बाबरापर्यंत पोचली.

हुमायूनला तिनं दोन पायऱ्या दिल्या आहेत. तो दोनदा गादीवर बसला, मधे शेरशहा आणि त्याची माणसं. आज सकाळी मी खालच्या वळणावर उभा होतो. पहिल्या हुमायूनवरून ती उतरली, सूरांच्या पायऱ्या उतरली आणि दुसऱ्या हुमायूनवर येऊन थांबली. कन्येच्या खांद्यावरचा हात तिनं काढला, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि खाली न बघता सावकाश पाय पुढे टाकला.

"अकबर," ती म्हणाली.

फाटक अजून बरंच खाली आहे. पण गाडीला अजून तीन आठवडे आहेत.